नवसाच्या पुरचुंडीतली मार्कशीट

परवा फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, चारूताईला इतके कमी मार्क होते, मग तिला डॉक्टरकीला प्रवेश मिळाला कसा?" मी उत्तर देणार तोच तुमची सुनंदामामी मागून ओरडली, "मातामायनं केलं, बेटा!" आणि तुम्ही दोघंही हसलात. हसलात त्याचा मला राग नाही. गेल्या वर्षी मी हसले नसते, पण चिडले मात्र नक्की असते. पण फोनवर ते नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहून ठेवते. तुमची आई वाचून दाखवेल.

ते सबंध वर्षच वैतागाचं होतं. चारूला बारावीत जेमतेम पात्र ठरण्यापुरते मार्क मिळाले. नीटची परीक्षा तिनं दोनदा दिली. दुसऱ्यांदा ती पात्रतेच्या रेषेच्या किंचित वर आली, म्हणजे नापास नाही इतकंच. साकोलीत ही बातमी पसरायला वेळ लागत नाही. भाजी घ्यायला गेले की कोणीतरी गाठायचं, "मॅडम, परदेशात पाठवा, तिकडं सरळ होते." दुसरा म्हणायचा, "मॅडम, नर्सिंग काय वाईट आहे?" वाईट काहीच नाही, पण मी कोथिंबीर घ्यायला आले होते. घरी चारू शांत. "यंदा नाही झालं तर मी बाबांच्या दुकानात बसीन," असं तिनं स्वतःच जाहीर करून टाकलं होतं. विनोदमामाचं कृषी केंद्र तुम्ही पाहिलंच आहे. बियाण्यांच्या पोत्यांमध्ये बसलेली चारू डोळ्यांपुढे आली की माझा जीव तुटायचा, आणि तिच्या शांतपणाचा संतापही यायचा.

देवाकडे मागायचं, तर तेही मला जमेना. सगळं आयुष्य मी शाळेत इंग्रजी शिकवलं. दोन मार्क वाढवून मागायला आलेल्या पालकांना मी दारातूनच परत पाठवलं. आता माझ्या नातीसाठी मी देवाच्या दारात तेच मागायचं? हात जोडायची आणि मला माझाच आवाज ऐकू यायचा, "अहो, तिनं लिहिलंय तितकेच मिळतील ना!" मी हात खाली घ्यायची. पण मी आणखीही काही पाहिलेलं होतं. तुमच्या आजोबांना अर्धांगवायू झाला तेव्हा चारू अकरावीत होती. त्यांना भरवायचं काम तिनं घेतलं. एक दिवस डॉक्टरांना ती म्हणाली, "काका, आजोबांना पाण्यानं ठसका लागते, पेजेनं नाही लागत." डॉक्टर थांबले, तपासलं, आणि त्या दिवसापासून त्यांना सगळं घट्ट करून द्यायला सांगितलं. घरातल्या आम्हा मोठ्या माणसांपैकी कोणाच्या हे लक्षात आलं नव्हतं. ह्याचे मार्क कुठल्याच परीक्षेत नसतात. हे मी कोणाला सांगू? म्हणून मी देवाचा नाद सोडला आणि फाईल हातात घेतली.

माझी फाईल तुम्हाला माहीत आहे. प्रत्येक कागद वेगळ्या प्लास्टिकमध्ये, पहिल्या पानावर अनुक्रमणिका. प्रवेशाची एकेक फेरी झाली, याद्या लागल्या, चारूचं नाव कुठंच नाही. तोवर सगळं ऑनलाइन होतं, त्यामुळे मूळ कागद कोणी मागितलेच नव्हते. शेवटी नागपूरच्या पलीकडच्या एका आयुर्वेद महाविद्यालयाची सूचना आली. दोन जागा रिकाम्या राहिल्या होत्या. उद्या संध्याकाळी पाचच्या आत मूळ कागदपत्रं घेऊन जे स्वतः हजर असतील, त्यांच्यातूनच गुणांप्रमाणे निवड. फक्त मूळ प्रती. मला त्यात काही कठीण वाटलं नाही. फाईल तयार होती.

सकाळी खिडकीशी बसून एकेक कागद शेवटचा तपासला. बारावीची मार्कशीट काढली आणि बोट फिरवलं, तर शिक्क्याचा उठाव हाताला लागेना. रंगीत झेरॉक्स होती ती.

"सुनंदा, ही झेरॉक्स आहे. ओरिजिनल कुठं आहे?"

ती कणीक मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "मातामायकडं."

"कोणाकडं?"

"मातामायकडं बांधली ना, आई. पोळ्यानंतर माहेरी गेली होती न मी, तवा. तुमची फाईल रिकामी दिसू नये म्हणून झेरॉक्स ठेवली त्याच्या जागी."

"मग तिथंच झेरॉक्स बांधायला काय झालं होतं?"

आता मात्र तिनं हात थांबवले आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू भलतंसलतं मीच बोलले होते. "देवीले झेरॉक्स देतेत काय, आई?"

विनोद दुकानाचं शटर उघडायला निघाला होता, तो परत आला. "काय करून ठेवलं वं तू हे? काहून नाही सांगितलं?" तो ओरडत राहिला, सुनंदा रडायला लागली. मला तर कोणावर ओरडावं तेच कळेना. चारू चपला घालून दारात उभी. "बाबा, गाडी काढा ना. चिल्लावून काय फायदा?"

मातामाय ही सुनंदाच्या माहेरची गावदेवी, तिची रीत तुम्हाला सांगायला हवी. ज्याच्यासाठी मागायचं त्याची वस्तू नारळाबरोबर लाल कापडात बांधून मातामायपुढे लटकवायची. लेकरू आजारी असेल तर त्याचं कापड, गाय असेल तर तिचं दावं, पेरणी असेल तर मूठभर धान. मागणं पूर्ण झालं की ज्या हातानं बांधली त्याच हातानं पुरचुंडी सोडायची. त्याआधी सोडली तर नवस मोडला. तिचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं, तेव्हा माणसांबरोबर मातामायलाही नव्या गावठाणात आणलं. जुन्या जागी पुरचुंड्या कडुनिंबाला लटकायच्या. नव्या देवळाला निंब नाही, टिनाचं छप्पर आणि लोखंडी जाळी आहे. तर आमच्या चारूच्या भविष्याचा कागद पोळ्यापासून त्या जाळीला लटकत होता.

हायवेनं सरळ नागपूर गाठायचं सोडून आम्ही पवनीच्या दिशेनं वळलो. शेतांतून कापलेल्या धानाचे पुंजणे रचून ठेवले होते, रस्त्यावर ट्रॅक्टर आडवे येत होते. सुनंदा मागच्या सीटवर डोळे पुसत म्हणाली, "सोडली तं नवस मोडते, आई. मंग पोरीचं नाही होणार."

"आणि नाही सोडली तरी नाही होणार," मी म्हटलं.

देवळापाशी उतरले आणि मान वर केली. जाळी वरपासून खालपर्यंत पुरचुंड्यांनी भरली होती. सगळ्या लाल, सगळ्यांत नारळ, बहुतेक एकाच दुकानातलं कापड. "तुझी कोणती?" मी विचारलं. सुनंदा एका कोपऱ्याकडे गेली, मग दुसऱ्या. "इथंच होती. मधात किती लोकायनं बांधल्या!" नाव घालायची सोय तिथं नाही. माझ्यासारख्या बाईनं तिथं अनुक्रमणिका लावली असती. विनोद म्हणाला, "आई, एकेक सोडून पाहू, दुसरा इलाज नाही." सुनंदानं कानावर हात ठेवले. मग मीच पुढे झाले. माझा ह्या गोष्टींवर विश्वास नव्हता, मला कसली भीती? पहिल्या गाठीला हात घातला. कापडाच्या आत नारळाशेजारी काहीतरी बारीक, मऊ लागलं, बाळाचा मोजा असावा. माझी बोटं गाठीवरच राहिली. ती मला उकलेना. कोण्या आईनं कोणत्या अवस्थेत ती आवळली असेल, आणि मी माझ्या घाईसाठी ती सोडणार? मी हात मागे घेतला.

पायरीवर बसले आणि मनातल्या मनात मातामायशी कडाडून भांडले. इतकी वर्षं मी कोणाला एक मार्क फुकट दिला नाही, कोणाचा एक कागद हरवू दिला नाही, आणि माझ्याच घरचा कागद तू अडकवून बसलीस? मी सगळं करून पाहिलं. फॉर्म भरले, रांगा लावल्या, झोप घालवली. आता माझ्या हातात काही उरलं नाही. तुझं तू बघ. ही प्रार्थना नव्हती, निव्वळ चिडून टाकलेलं वाक्य होतं. पण ते टाकलं आणि सकाळपासून घट्ट धरलेली ती अपुरी फाईल मी पहिल्यांदाच मांडीवरून खाली ठेवली. चारू शेजारी येऊन बसली. "आजी, नाही सापडली तं नाही. तुझं बीपी वाढून राहिलं." मी तिचा हात धरला.

तेवढ्यात जाळीच्या पलीकडून एका बाईचा आवाज आला. "हे काय वं माय? मी तं टोपरं बांधलं होतं, आतून कागद निंगला!"

सुनंदा धावली. साठीची बाई होती, पदर खोचलेला, पायांना धानाच्या बांधीतला चिखल. तिचा नातू महिनाभर नागपूरच्या दवाखान्यात होता. आदल्या दिवशी बरा होऊन घरी आला, म्हणून कापणी सोडून ती नवस फेडायला आली होती. तिच्या हातात लाल कापड, त्यावर नारळ, आणि घडी घातलेली चारूची मार्कशीट. तिला वाचता येत नव्हतं. "कोनाचा असंन हा कागद? सरकारी दिसते," ती घाबरून म्हणाली. दुसऱ्याची पुरचुंडी सोडली गेली म्हणून ती कपाळाला हात लावून मातामायची माफी मागत होती, आणि सुनंदा तिच्या पायांवर डोकं ठेवत होती. "तुमच्या हातानं तिनंच देली, मावशी!"

मी घड्याळ पाहिलं आणि म्हटलं, "चला, निघा." चारू निघाली नाही. "आजी, यांचं टोपरं सापडू दे." माझा पारा चढला, पण ती त्या बाईबरोबर गाठी चाचपत उभी राहिली. तिसऱ्या पुरचुंडीला बाईनं हात लावला आणि म्हणाली, "हेच." उकललं तर पिवळं टोपडं. तिनं ते चारूच्या डोक्यावर टेकवलं आणि विचारलं, "डाक्टर होतं काय वं तू?"

"नंबर लागला तं."

"मंग माह्या नातवाले पाहाले येजो."

तिचं नाव आम्ही विचारलं नाही. हे मला आजही लागतं.

भिवापूर, उमरेड करत आम्ही महाविद्यालयात पोचलो तेव्हा पाचला अजून वेळ होता. हजर असलेल्यांची गुणांप्रमाणे यादी लागली. चारू तिसरी, जागा दोन. मला हसूच आलं, तेही कडवट. पहिल्या मुलाचे कागद तपासून झाले. दुसरं नाव नम्रता नावाच्या मुलीचं. तिनं आधी दुसरीकडे बीएस्सीला प्रवेश घेतला होता आणि तिची टीसी त्या कॉलेजात होती. तिचे वडील फोनवर फोन करत होते. तिकडून मोबाईलवर टीसीचा फोटो आला. कारकून नम्रपणे म्हणाला, "फोटो नाही चालत, साहेब. मूळ प्रत पाहिजे." पाच वाजले. मूळ प्रतीच्या ज्या नियमाला मी सकाळपासून शिव्या देत होते, त्याच नियमानं पुढचं नाव पुकारलं गेलं. चारूचं.

तुम्हाला वाटेल आम्ही नाचलो असू. नाही. चारूनं सही करताना मान वर केली नाही. नम्रताची आई बाकावर बसली होती, ती उठून आली. मला वाटलं आता काही कठोर बोलेल, आणि तो तिचा हक्कच होता. तिनं चारूच्या पाठीवर हात ठेवला. "चांगली शिक, बेटा," एवढंच म्हणाली आणि मुलीला घेऊन गेली.

चारू आता पहिल्या वर्षाला आहे. शरीररचना तिला आवडते, संस्कृतनं मात्र रडवलंय. तिला किती येतं हे परीक्षा सांगतील, आणि त्यात तिनं देवाची वाट पाहू नये असं मी तिला बजावलंय. देवळात जे झालं त्याचं स्पष्टीकरण मला देता येतं. पुरचुंड्या शेजारी होत्या, कापड सारखं होतं, चूक कोणाचीही झाली असती. पण ती बाई त्याच दिवशी, त्याच घटकेला का आली, हे मला सांगता येत नाही, आणि मी ते सांगायचा आग्रहही धरत नाही. त्या पायरीवर माझ्या हातून सगळं सुटलं होतं, आणि जे आलं ते न मागता आलं, त्यासाठी मी कृतज्ञ आहे. मात्र आमच्या पदरात पडलं ते एका दुसऱ्या आईच्या पदरातून गेलं. त्याला कृपा म्हणताना माझा आवाज अजून अडखळतो.

नम्रताचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. संध्याकाळी दिवा लावते तेव्हा आधी तिचं नाव घेते, मग टोपड्यातल्या त्या नातवाला नावाविनाच आठवते, मग चारूचं नाव घेते, मग तुम्हा दोघांचं. नावं घेते, मागत काही नाही. कोणाला काय मिळावं हे मला ठरवता येतं, असं मला आता वाटत नाही.