खिशात राहिलेली पिवळी पट्टी

तो माझा शेजारी. मधली भिंत एक. तरी त्याला मी ओळखत होतो, असं म्हणायला जीभ अडखळते. घड्याळं दुरुस्त करायचा, मुलगा-सुनेजवळ राहायचा, आणि नेमबाजीचा नाद होता, एवढंच ठाऊक. दाराला कुलूप लावून जिना उतरला की पुन्हा वर येऊन ते ओढून पाहायचा. म्हणून आम्ही त्याला 'परतबघ' म्हणायचो.

त्याच्या रायफलीचा परवाना फक्त नेमबाजीपुरता. मान्यता असलेल्या रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावरच ती झाडायची. नेता-आणताना रिकामी, पेटीत कुलूपबंद, काडतुसं वेगळी, वाटेत कुठे थांबायचं नाही. निघताना रेंजचा अधिकारी ती उघडून आत बघायचा, मग काडतुसाच्या जागी पिवळी पट्टी खोचायची. पट्टी दिसली म्हणजे रायफल रिकामी.

"एवढं तर कुणी जावयालाही जपत नाही," मी एकदा म्हणालो.

"जावई उपाशी आहे की जेवलेला, तोंडावरून कळतं. हिचं कळत नाही."

एका दुपारी तो माझ्या दारात उभा. तोंड पांढरंफटक, तळहातावर पिवळी पट्टी.

"ही खिशात निघाली."

मला उमजेना. तोच पुढे बोलला, "रेंजवर वावटळ सुटली, पळापळ झाली. रायफल भरलेली होती. रिकामी केली की नाही, आठवत नाही."

"अधिकाऱ्यानं बघितली असेल ना?"

"तो म्हणाला, तुझी काय बघायची!"

पेटी त्याच्या पलंगावर होती. नळीचं तोंड ज्या भिंतीकडे, तिच्यापलीकडे सून बाळाला निजवत होती. पेटीला हात लावायचा त्याला धीर होईना. मला तर खोलीत जायचाही नाही.

"सूनबाई, बाळाला घेऊन खाली जा."

"बाबा, आत्ता कुठे डोळा लागलाय त्याचा."

"उचल म्हणतो ना!"

तो ओरडलेला मी पहिल्यांदाच ऐकला. ती बाळाला छातीशी धरून जिना उतरली. मग त्यानं फोन करून अधिकाऱ्याला बोलावलं. तो येईपर्यंत आम्ही दोघं उंबऱ्यात पेटीकडे बघत उभे.

अधिकाऱ्यानं पेटी हलक्या हातानं बाहेरच्या जाड भिंतीकडे वळवली, उघडली, रायफलीची काडतुसाची जागा उघडणारा दांडा मागे ओढला. एक काडतूस चादरीवर पडलं. आवाजसुद्धा झाला नाही.

परतबघ मटकन जमिनीवर बसला.

"मला हे वर कळवावं लागेल," अधिकारी म्हणाला. "माझंही नाव येईल."

"कळवा."

परवाना रद्द व्हायची वाट न बघता त्यानं रायफल जमा केली. पण भीती काही जमा झाली नाही. बाळ रडलं की तो उठून त्या भिंतीवर हात फिरवतो, असं सून सांगायची.

पुढे तो वारला, त्या दिवशी सकाळीच जिन्यात भेटला होता. मी बाजाराला निघालो होतो.

"कुलूप लावलंस?" त्यानं विचारलं.

"लावलं."

"परत बघ."

"बघतो रे बाबा."