नथूचं नाक

दहिवलीच्या भागूबाईला सगळा गाव नकटी म्हणायचा, आणि तेही तोंडावर. नाक बसकं होतं बिचारीचं, त्यात तिचा काय गुन्हा? पण लोकांना कुठं गुन्हा लागतो! नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, तशी ती आलीच. अखेर एक बिजवर पदरात पडला. तीन मुलगे झाले, आणि तिघेही अंगावर पिताना गेले. तिसऱ्याच्या वेळी सासू रोज सांगत होती, "अगं, नाक टोच त्याचं. नथू नाव ठेव. टोचलेल्या पोराकडं मरण फिरून बघत नाय." भागूबाई आज जाते, उद्या जाते करत राहिली आणि पोर हातचं गेलं. पुढं नवराही गेला. मग बाई नदी ओलांडून कर्जतला कामाला लागली. घाटात गाड्या चढवणारी इंजिनं हाकणारा एक गोरा ड्रायव्हर होता, त्याच्या बंगल्यावर झाडलोट आणि धुणं.

त्या बंगल्यात मडमेचं एक कुत्रं होतं. कुत्रं कसलं, मांजराएवढा जीव! डोळे बटबटीत, तोंड उखळात ठेचल्यासारखं चपटं आणि नाकपुड्या म्हणजे दोन बारीक चिरा. श्वास घेतला की घुर्र, सोडला की फुस्स. निजलं की असं घोरायचं की मालोजी आचारी कपाळाला हात लावायचा. "माझा सासरा बरा याच्यापेक्षा," म्हणायचा. साहेब विलायतेला निघाला तेव्हा मडम म्हणाली, हा बोटीवर जगायचा नाही. मालोजी लगेच बोलला, "भागूबाईला द्या. नकटीला नकटा, जोडा झाक जमंल!" नोकरमंडळी पोट धरून हसली. भागूबाईनं मात्र कुत्रं उचललं, पदरात गुंडाळलं आणि सरळ घरची वाट धरली. मडमेनं ठेवलेलं नाव हिच्या जिभेला वळेना, म्हणून ती त्याला नुसतं लेकरा म्हणायची.

तीन वर्षं बाईनं त्याला असं जपलं की सांगता सोय नाही. स्वतः आंबील प्यायची आणि त्याला दूधभात कुस्करून घालायची. रोज त्याच्या तोंडावरच्या घड्या ओल्या फडक्यानं पुसायची. त्याची ती घुरघुर ऐकल्याशिवाय तिला झोप येत नसे. लोक म्हणायचे, नकटी येडी झाली. झाली तर झाली! तुमच्या बापाचं काय गेलं?

पण चौथ्या वर्षीचा वैशाख वाईट निघाला. कर्जतचा उकाडा तुम्हाला ठाऊक आहे, चहूबाजूंनी डोंगर आणि वाऱ्याचा पत्ता नाही. कुत्रं अंगणातून ओटीवर येईतो चार-चार पावलांवर बसकण मारायला लागलं. श्वास आत ओढताना बरगड्या खोल जायच्या, आणि हवा काही आत शिरायची नाही. एके दिवशी जीभ जांभळासारखी काळीनिळी पडली आणि ते आडवं झालं. भागूबाईनं तांब्याभर पाणी ओतलं तेव्हा कुठं उठलं.

मग तिनं सगळं केलं. लेकरांना सर्दीत ओव्याची धुरी देतात, तशी दिली. धुरानं ते आणखीच गुदमरलं, त्याचे डोळे पांढरे झाले. मग धुरी फेकून तिनं त्याला उल्हास नदीच्या ओल्या वाळूत नेऊन निजवलं, दुपारभर स्वतः उन्हात बसून त्याच्यावर पदराची सावली धरली. देवाला सांगितलं, माझं नाक घे हवं तर, नाहीतरी कुणाला आवडतंय. तिला जेवण जाईना. "एवढा एक राहू दे," एवढंच ती दिवसभर पुटपुटायची.

शेजारची ठमी तिचे हाल बघत होती. बाई फटकळ, पण मनाची वाईट नव्हे. तीच म्हणाली, "भागू, रागावू नको. तुझ्या घरात पोर टिकत नाय, मंग हा तरी कसा टिकंल? नाक टोच त्याचं."

भागूबाईच्या काळजात लख्ख झालं. हे आपल्याला आधी कसं सुचलं नाही!

तशीच ती कर्जतच्या बाजारात पोपट सोनाराकडं गेली. सोनार आधी हसला, मग चिडला. "सोनारानं कान टोचावा म्हणतात बाई, कुत्र्याचं नाक नाही. पेठेत तोंड दाखवायला जागा ठेवशील का मला?"

भागूबाईनं त्याच्या उंबऱ्यावर डोकं टेकलं. "दादा, तिसऱ्याच्या वेळंला मी आले नाय. आता आलेय. मला परत लावू नका."

सोनारानं हातातला चिमटा खाली ठेवला. म्हणाला, "उद्या सकाळी आण. पण गप निजवून आण. हिसडा मारला तर तार डोळ्यात जाईल."

आता गप कसं निजवायचं? शेतावर जाणाऱ्या बाया तान्ह्याला करतात तसंच. मोहरीएवढी अफू गुळात. दुसऱ्या दिवशी उजाडताच भागूबाईनं ती चाटवली. कुत्रं डोळे मिटेना. आणखी एक मोहरी दिली. बाजारात पोचली तरी ते डोळे किलकिले करून बघतच होतं. त्याला दुखू नये, एवढंच बाईच्या मनात. सोनाराच्या दारात तिनं तिसरी दिली.

पोपट सोनारानं चिमट्यानं नाकपुडीची कड बाहेर ओढली आणि चकित झाला. "हे बघ बाई, श्वास घेतला की ही कडच आत पडते आणि भोक मिटतं. उघडी धरली की बघ कशी वाट होते!" त्यानं तांब्याची बारीक तार कडेतून ओवली आणि कड बाहेर राहील अशी वळवली. कुत्र्यानं एकदाच कुंईं केलं. घुरघुर हलकी झाली, आणि मग ऐकूच येईना.

भागूबाई रडली. सोनाराच्या डोळ्यांतही पाणी आलं, त्यानं मजुरीही घेतली नाही. तिनं लेकराला पदरात घेतलं, उन्हाची तिरीप लागू नये म्हणून वरून लुगड्याचा घोळ घेतला आणि आटलेल्या नदीतून जवळजवळ पळतच घर गाठलं.

"ठमे, ऐक, ऐक! आवाज नाय!"

ठमीनं पदराशी कान लावला. "खरंच की गं! टोचलं आन् लागू पडलं!"

बघता बघता आळीतल्या बाया जमल्या. थट्टा करणाऱ्याच, पण भागूबाईचं तोंड एवढं उजळलेलं त्यांनी कधी बघितलं नव्हतं. कुणीतरी म्हणालं, नाक टोचलं तर नाव नको का ठेवायला? विधवेच्या दारात बारसं, तेही कुत्र्याचं! पण त्या दिवशी कुणी नाक मुरडलं नाही. पाळणा नव्हता, म्हणून सूप आणलं. कुत्रं अजून निजलेलंच. फडक्यात गुंडाळलेलंच सुपावरून, सुपाखालून या हातातून त्या हातात जाऊ लागलं. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या!" बाया हसत होत्या. भागूबाई टाळ्या वाजवत होती.

ते इंदूबाईच्या हातात आलं. इंदूबाई गावची सुईण, शंभर पोरं तिच्या हाती जन्मली आणि कितीतरी गेलीही. तिनं पुढं दिलं नाही.

"अगं दे ना म्हातारे," ठमी म्हणाली.

इंदूबाईनं फडकं जरा सैल केलं. कापडात हात घालून छातीवर ठेवला. बराच वेळ ठेवला. बायांचं हसणं एकेक करून थांबलं.

"भागू," ती हळूच म्हणाली, "अफू किती घातलीस गं?"

"मोहरीएवढीच, आत्या." भागूबाई अजून हसतच होती. "तीनदा."

ठमीनं सूप भिंतीला टेकवून ठेवलं. भागूबाईनं सगळ्यांच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघितलं. मग पुढं होऊन म्हातारीच्या हातातून लेकराला घेतलं. नाकातली तार नीट बसली होती, नाकपुडी चांगली उघडी होती.

"कानात नाव सांगायचं राह्यलं," ती म्हणाली.

तिनं त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि सांगितलं, "नथू." जरा थांबली. मग पुन्हा सांगितलं, थोडं मोठ्यानं.