नीलिमा नक्की कुठे कुठे गेली होती?

डार्विनच्या हॉस्पिटलमधून नीलिमा गेल्याचा फोन आला, त्याला आता काही आठवडे झाले. मी इकडे मेलबर्नला, ग्लेन वेव्हर्लीत, मुलीला शाळेतून आणायला निघाले होते. गाडी बाजूला घेतली, आणि आधी मनात आली ती शंका... ही बातमी तरी खरी आहे ना? मैत्रिणीच्या मरणावरही संशय घ्यावा, ही सवय तिनेच लावलेली.

आम्ही दोघी पुण्याहून एकाच वर्षी मेलबर्नला शिकायला आलो. मी अकाउंटिंगला, ती प्राचीन रोमन कथांकडे. डँडेनॉन्गच्या बाजारात भाजी घ्यायला गेलो की हातातल्या पिशव्या सावरत ती त्या कथा सांगायची. वाटेवरच्या खानावळीत उतरलेले प्रवासी, रूप बदलणाऱ्या चेटकिणी, नको तिथे डोकावून फसणारी माणसं. "सगळ्यात अचाट गोष्ट सांगणारा हमखास शपथ घेतो," ती म्हणायची, "आणि ज्याला शंका येते ना, तोच शेवटपर्यंत ऐकतो."

पुढे तिला पार उत्तर टोकाला, डार्विनला सरकारी नोकरी लागली. गेल्या वर्षीपासून तिचे फोन फारच रंगायला लागले. आज नदीत मगरी बघितल्या, आज रानात तंबू ठोकला... पण मला कधी वारा ऐकू यायचा नाही. मागे कुणीतरी हळू आवाजात नावं पुकारत असायचं. व्हिडिओ कॉल केला की नेमकी रेंज जायची.

"नीलू, तू आहेस कुठे नक्की?"

"असं विचारणाऱ्यांचं त्या गोष्टींत काय होतं, माहितीये ना?" ती हसली, आणि हसताना तिला धाप लागली.

मी तिला न सांगता तिकीट काढलं. तिच्या घराला कुलूप होतं. शेजारच्या लिंडाने मला थेट वॉर्डात नेलं. नीलिमा खिडकीशी पडून होती, केस गेलेले. ती चिडली नाही. "सगळं खोटं होतं गं," म्हणाली. "आजाराचं बोललं की सगळे गप्प होतात. प्रवासाचं बोललं की तू खोदून खोदून विचारायचीस."

"मग सांग पुढे. तंबूत साप शिरला, तिथे थांबली होतीस."

तिने सांगितलं. मी तिथे होते तोवर रोज सांगत राहिली.

अंत्यसंस्काराला मी पुन्हा डार्विनला गेले. नंतर तिचं घर आवरताना पलंगाखाली चालायचे बूट सापडले. टाचा झिजलेल्या, तळाच्या खाचांत लाल माती घट्ट बसलेली. लिंडाला विचारलं, तर "नो आयडिया, मेट," एवढंच म्हणाली. ते बूट आता आमच्या गॅरेजच्या दाराशी असतात. सगळं खोटं होतं, हे तिचं बोलणं मला पटलेलं नाही... मी ते बूट अजून धुतलेले नाहीत.