समाधानी की असमाधानी

मुदानच्यांग या चिनी शहरातल्या एका विद्यापीठात परदेशी मुलींच्या वसतिगृहाची राखण ल्वान क्वेइझेन अकरा वर्षं करत होती, आणि अकरा वर्षांत तिने एकाही मुलीचं नाव लक्षात ठेवलं नव्हतं. खोलीचा नंबर पुरे. "ए तीनशे दोन, बूट पुसून ये!" "दोनशे अकरा, तुझं पार्सल उचल, माझं दार म्हणजे गोदाम नाही!" मुली तिला मावशी म्हणत, कारण वसतिगृहावरच्या बाईला सगळेच मावशी म्हणतात. मायेचा त्यात काही संबंध नव्हता. पाठीमागे ती 'फाटक' होती. तोंडाचा पट्टा सुरू झाला की चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू जाई.

फाटकाशेजारची दहा पावलांची खोली हेच तिचं घर. बत्तिसाव्या वर्षी कापड गिरणीने तिला घरी बसवलं. नवरा त्यानंतर चार वर्षांनी गेला. गिरणीच्या चाळीतली जागा मुलाच्या लग्नाच्या वेळी विकली, कारण मुलगा नोकरी करत होता त्या दालियान शहरात त्याचं स्वतःचं घर असल्याशिवाय मुलगी द्यायला व्याही तयार नव्हते. त्या घरात सून तिला नव्या वर्षाला चार दिवस बोलवी आणि पाचव्या दिवशी सकाळीच गाडीची वेळ विचारी. तेव्हा ही खोली गेली तर आपण रस्त्यावर, हे ल्वानला पक्कं ठाऊक होतं. दरवर्षी डिसेंबरात देखभालीच्या कंपनीशी तिचा करार नवा होई, आणि सही होईपर्यंत तिला धड झोप लागत नसे.

चारशे सात नंबरात म्वापे चिलुफ्या राहायची. झांबियाची, स्थापत्याच्या तिसऱ्या वर्षाला, सरकारी शिष्यवृत्तीवर. सकाळी आठच्या तासाला चेहरा दाखवून हजेरी, दुपारी कॅन्टीनमध्ये तोच भात नि तेच तेल, संध्याकाळी प्रयोगशाळेत सिमेंटचे ठोकळे फोडणं, वर्षाकाठी एकदा व्हिसासाठी पोलिसांच्या रांगेत उभं राहणं. या सगळ्याशी तिने जमवून घेतलं होतं. ल्वानशी जमलं नाही. पहिल्याच हिवाळ्यात म्वापेच्या वेण्यांचे केस मोरीत अडकले, तर ल्वानने ते काठीला गुंडाळून फाटकावर दिवसभर टांगून ठेवले. म्वापेही काही गरीब गाय नव्हती. ती जिन्यात उभी राहून ल्वानच्या चालीची आणि आवाजाची हुबेहूब नक्कल करी, आणि ल्वान बाहेर आली तरी थांबत नसे.

वसतिगृहात विजेची शेगडी ठेवायची बंदी होती. सार्वजनिक स्वयंपाकघर होतं, तेही आगीच्या भीतीने दोन वर्षांपूर्वी बंद केलेलं. म्हणजे मुलींनी चोरून रांधायचं आणि ल्वानने चोरून पकडायचं. ल्वान स्वतः मात्र आपल्या खोलीत दोन वेळा शेगडीवर आमटी उकळी. आपला तो बाब्या!

ऑक्टोबरच्या शेवटी एका बुधवारी ती तपासणीला निघाली. चारशे सातचं कुलूप तिने आपल्या किल्लीने उघडलं. बॅगेत शेगडी मिळाली. ती जप्त करणं नियमाला धरून होतं. पण बाजूला एक पिशवी होती. बोटाएवढी सुकी मासळी, किलोभर तरी असेल. वासाने ल्वानच्या डोक्यात तिडीक गेली. तिने ती पिशवी खाली नेली आणि कचऱ्याच्या गाडीत फेकली. मासळीला नियमात कुठेही बंदी नाही, हे फेकताना तिला माहीत होतं.

म्वापे संध्याकाळी खोलीतून थेट खाली फाटकाशी आली.

"मावशी, माझी मासळी कुठंय?"

"कसली मासळी? सडकं होतं ते."

"सडकं नव्हतं, सुकं होतं. आईने पाठवलं होतं. गावातल्या माणसाबरोबर, तीन विमानं बदलून."

"मग आईला सांग, इथे माणसं राहतात."

"आणि आम्ही कोण राहतो?"

"तू नियम मोडणारी राहतेस. पाचशे शब्दांचं कबुलीपत्र, हाताने लिहिलेलं, उद्या दुपारपर्यंत. नाहीतर शाओ सरांकडे नाव जाईल, मग शिष्यवृत्तीचं काय ते तू आणि तुझं नशीब."

शाओ सर म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या कचेरीतले अधिकारी. त्यांच्यापर्यंत नाव जाणं कुठल्याच मुलीला परवडणारं नव्हतं. म्वापेने रात्र घालवून पाचशे शब्द गिरवले: माझी चूक झाली, माझे विचार ढिले पडले, पुन्हा असं करणार नाही. अशी पत्रं फायलीत जातात. ल्वानने हे दारावरच्या फलकावर लावलं. तीन दिवस येणारी-जाणारी प्रत्येक मुलगी ते वाचत होती, आणि ल्वान काचेमागे सूर्यफुलाच्या बिया फोडत बसली होती. तिला बरं वाटत होतं, उगाच खोटं कशाला सांगा.

आता ल्वानचा रांजण. कोबीच्या दिवसांत ती साठ गड्डे विकत घेई, मिठात रचे, वर नदीतला दगड ठेवी आणि रांजण तळमजल्याच्या जिन्याखाली सरकवून देई. महिनाभराने कोबी मुरून आंबट झाला की त्याचा वास दुसऱ्या मजल्यावर पोचे. अकरा वर्षं कुणी हूं की चूं केलं नव्हतं. शाओ सर तर दर हिवाळ्यात दोन गड्डे पिशवीत घालून नेत आणि म्हणत, "ल्वानताई, असा कोबी माझ्या आईनंतर तुमच्याच हातचा."

म्वापेला भाषेच्या वर्गात 'शहरातलं जीवन' नावाचा धडा होता. पाणी आलं नाही, रस्ता खचला, शेजारी त्रास देतो, तर कुठल्या नंबरला फोन करायचा हे त्यात होतं. या नंबराची एक गंमत अशी की तक्रार नोंदली की पाच दिवसांनी तक्रार करणाऱ्याला उलट फोन येई आणि एकच प्रश्न विचारला जाई: समाधानी की असमाधानी? असमाधानी म्हटलं की तक्रार ज्या कचेरीची असेल तिचे गुण कापले जात आणि वर्षअखेरीला साहेबाला सगळ्यांसमोर उभं राहावं लागे. त्यामुळे गाऱ्हाणं मिटलं का याची फिकीर कुणाला नसे. तो एक शब्द तोंडातून निघाला की झालं.

नोव्हेंबरच्या शेवटी म्वापेने फोन केला. वासाबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. ती स्थापत्याची विद्यार्थिनी होती. कुठला शब्द कुठे लागतो हे तिला कळत होतं. ती म्हणाली, "जिन्याखाली रांजण आहे. आगीच्या वेळी बाहेर पडायची वाट अडली आहे."

दुसऱ्या सकाळी शाओ सर धावत आले. "ल्वानताई, हा आत्ताच्या आत्ता बाहेर काढा!"

"सर, तुमचाच कोबी आहे त्यात."

"माझा कसला? मी कधी पाहिलासुद्धा नाही हा रांजण!" त्यांनी आजूबाजूला बघून घेतलं. "काढा म्हणतो ना."

रांजण मागच्या अंगणात गेला. बाहेर उणे अठरा. दोन रात्रींत पाणी गोठलं, रांजण उभा चिरला आणि साठ गड्ड्यांचं एक पांढरं ढेकूळ झालं. ल्वानने ते कुदळीने फोडून उकिरड्यावर टाकला. वर चौथ्या मजल्याच्या खिडकीत म्वापे उभी होती. ल्वानने तिला बघून जी शिवी दिली ती इथे लिहिण्यासारखी नाही.

पाच दिवसांनी म्वापेला फोन आला. ती म्हणाली, "असमाधानी."

शाओ सरांची पाचावर धारण बसली. त्यांनी म्वापेला कचेरीत बोलावलं, चहा दिला, खुर्ची दिली, शिष्यवृत्तीची आठवण दिली. म्वापे म्हणाली, "माझी मासळी फेकली असं मावशींनी लिहून द्यावं. पाचशे शब्द, हाताने. त्याच फलकावर. मग मी समाधानी."

शाओ सर तसेच फाटकावर आले.

"मी?" ल्वान ताडकन उठली. "मी त्या पोरीपुढे कबुलीपत्र लिहू? माझं वय बघा, सर!"

"वय नका सांगू, करार सांगा. डिसेंबर आलाय. तिने पुन्हा असमाधानी म्हटलं तर कंपनी तुम्हाला ठेवेल का? मी काही बोलू शकणार नाही."

"आणि लिहिलं तर?"

"लिहिलं तर प्रकरण मिटलं. शब्द देतो."

ल्वान दोन दिवस जेवली नाही नीट. तिला त्या पोरीचा राग येत होता, पण त्याहून जास्त राग येत होता तो या गोष्टीचा की लिहायला बसल्यावर पहिलं वाक्य तिला सहज सुचलं: 'मी चारशे सातमधल्या मुलीची मासळी फेकली. ती सडकी नव्हती.' पुढे तिने हेही लिहिलं की मुलीच्या आईने ती लांबून पाठवली होती आणि मला त्याची पर्वा वाटली नाही. सगळं खरं होतं. लिहिताना तिचे कान तापले होते.

शाओ सरांनी कागद वाचला आणि मान हलवली. "हे ठीक. पण तक्रार मासळीची नाही, वाटेची आहे. ते घाला. आणि असं घाला की कचेरीने वारंवार सांगूनही मी रांजण हलवला नाही."

"तुम्ही कधी सांगितलंत? तुम्ही तर पिशवी घेऊन यायचात!"

"ताई, लिहायची पद्धत असते ती. पोरी नाही का लिहीत, विचार ढिले पडले म्हणून? कुणाचे खरंच ढिले पडतात? लिहा."

तिने लिहिलं. वारंवार सांगूनही. तिला खोली हवी होती.

पत्र फलकावर लागलं. मुलींनी फोटो काढले, काही हसल्या. म्वापे आली, तिने पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचलं, जिना चढून गेली, आणि फोन आल्यावर म्हणाली, "समाधानी."

बारा दिवसांनी कंपनीचा माणूस आला. तक्रारीवर कारवाई काय केली ते वर दाखवायचं होतं. त्याच्या हातात ल्वानच्याच अक्षरातल्या पत्राची प्रत होती. सुरक्षेची वाट अडवली, वारंवार सांगूनही ऐकलं नाही, स्वतः कबूल केलं. करार नवा होणार नाही. खोली तीन दिवसांत रिकामी करा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. शाओ सर त्या दिवशी बैठकीत होते. दुसऱ्या दिवशीही बैठकीतच होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी ल्वान दोन बोचकी बांधून फाटकात उभी असताना म्वापे प्रयोगशाळेतून आली. बोचकी बघून थबकली.

"मावशी, हे काय? मी तर समाधानी म्हटलं होतं."

"म्हटलंस ना. सगळे समाधानी आहेत."

"मला हे नको होतं. मला फक्त मासळीचं..."

"तुला काय हवं होतं ते मला सांगू नकोस." ल्वानचा आवाज चढला. "रांजण फुटलेला बघायला खिडकीत उभी होतीस तू! तेव्हा नको नव्हतं?"

म्वापेने मान खाली घातली नाही. "तेव्हा हवं होतं," ती म्हणाली. "तुम्हाला नव्हतं का, माझं पत्र तीन दिवस लावलंत तेव्हा?"

ल्वान आणखी चिडली. बोचकं उचलायला म्वापे वाकली तर तिने तिचा हात झटकला. मग खिशातून फोन काढून तिच्यासमोर धरला.

"तो नंबर लावून दे."

"कुठला?"

"तुझा धड्यातला. वेड पांघरू नकोस, चारशे सात."

म्वापेने नंबर लावला. ल्वानने तिथेच, बर्फात उभं राहून, नाव, वय आणि एक वाक्य सांगितलं: माझ्याकडून खोटं लिहून घेतलं आणि माझी राहती खोली काढून घेतली, ती मला परत हवी. पलीकडच्या मुलीने नोंदलं आणि आभार मानले.

स्टेशनजवळच्या सार्वजनिक न्हाणीघरात तिला टॉवेल घड्या घालायचं काम मिळालं. निजायला तिथलीच एक बाकडी. गिऱ्हाइकं गेल्याशिवाय तिच्यावर पाठ टेकता येत नसे, आणि पहाटे पहिल्या गिऱ्हाइकासाठी ती रिकामी करावी लागे. पाच दिवसांनी भर दुपारी फोन वाजला. तक्रारदाराला परिस्थिती समजावून सांगण्यात आली आहे, प्रश्न सुटला आहे, समाधानी की असमाधानी?

"असमाधानी," ल्वान म्हणाली.

तासाभराने शाओ सरांचा फोन. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांची बैठक संपली होती.

"ल्वानताई, कशा आहात? थंडी फार आहे, जपा. अहो, ते एवढं समाधानी म्हणून टाका ना. माझ्या वर्षाचा प्रश्न आहे."

"मला काय हवंय ते मी सांगितलंय. खोली."

"ती माझ्या हातात नाही हो."

"मग तो शब्दही माझ्या तोंडात नाही."

ते दुसऱ्या दिवशी बोलले, तिसऱ्या दिवशी बोलले. फळांची करंडी पाठवतो म्हणाले, चौथ्या दिवशी जवळजवळ रडले. ल्वान प्रत्येक वेळी टॉवेल खाली ठेवी, कपाळ पुसून फोन उचली, त्यांचं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेई आणि तोच एक शब्द सांगे. अकरा वर्षं जो माणूस तिच्या दारात पिशवी घेऊन येत होता तो आता तिच्या एका शब्दासाठी झुरत होता, आणि याचं तिला सुख होत होतं, अगदी जिभेवर घोळवावं असं सुख.

पाचव्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं, ती पुन्हा म्हणाली, "असमाधानी," आणि फोन ठेवल्यावर तिला रडू कोसळलं. सूड घेऊन झाला होता. झोपायला जागा नव्हती. बाकडीवर एक बाई केस वाळवत बसली होती, तिचं आटपेपर्यंत ल्वान भिंतीला टेकून उभी राहिली.