शेजारची खुर्ची

स्पिरिटचा वास आला की सोलापूरच्या त्या दवाखान्यातली सकाळ आठवते. आईला ऑपरेशनला नेत होते. आमच्या ख्रिस्ती घरात कुठंही निघायचं तर आधी प्रार्थना, म्हणून स्ट्रेचरवरून ती म्हणाली, "कर की." दर रविवारी चर्चमध्ये लोकांना 'भिऊ नका' सांगणारा मी, पण तोंडातून शब्द फुटेना. मग तिनंच माझा गार पडलेला हात धरला. "प्रभू, पोरगं लई भ्यालंय. तू हितं त्याच्यापाशी बस. आत माझं मी बघते. आमेन." दुपारी शुद्धीवर येताच तिनं विचारलं, "बसला व्हता न्हवं त्यो?" मी मान डोलावली. खरं तर शेजारच्या खुर्चीवर मी पिशवी ठेवली होती. अजूनही दवाखान्यात बसलो की पिशवी मांडीवर घेतो, आणि मान वर होत नाही.