लॅमिनेट केलेला रिपोर्ट

"म्याडम, डोस्क्यात काय निघला?"

सुरेशचा मोठा भाऊ काउंटरवर कोपरं टेकून उभा होता. मागे बाकावर आई, शेजारी सुरेश. त्याचे ओठ हलत होते, पण आमच्यापैकी कुणाशी तो बोलत नव्हता. चोवीस वर्षांचा, निडी गावचा, रोह्याच्या एका केमिकल कंपनीत टेम्पररी. प्लांटच्या पाइपातून लोक आपल्याला शिव्या देतात, असं महिनाभर सांगत होता.

पेणच्या त्या दवाखान्यात मी ईईजी काढायचे. ईईजी म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेच्या लहरी कागदाच्या पट्टीवर उतरवणं. केस धुऊन यायचं, तेल लावायचं नाही, डोळे मिटून स्वस्थ पडायचं. फिट येणाऱ्यांच्या लहरींत बऱ्याचदा बिघाड दिसतो. भास होणाऱ्यांच्या लहरी बहुधा चारचौघांसारख्याच. संशोधक पुष्कळ पट्ट्या शेजारी ठेवून बारीक फरक शोधतात, पण एकट्या माणसाच्या पट्टीवरून वेड ठरत नाही. सुरेशची पट्टी काढली ती फिटचा संशय नको म्हणून. भासांच्या गोळ्या डॉक्टरांनी आधीच सुरू केल्या होत्या.

हे सगळं मला पाठ होतं. पण डॉक्टर पनवेलहून फक्त गुरुवारी यायचे, रिपोर्टवर सह्या करून जायचे. लोक रिपोर्ट न्यायला मधल्याच वारी येत आणि अर्थ मला विचारत. मलाही तो मान आवडायचा, खोटं कशाला बोलू?

"घाबरू नका. सगळं नॉर्मल आहे."

"म्हंजे येडा नाय ना तो?"

"गुरुवारी डॉक्टरांना दाखवा," मी म्हणेपर्यंत आईने माझे हात धरले होते. "बाय, तुझा भला होवो गो!"

गुरुवारी कुणी आलं नाही. मीही निरोप धाडला नाही.

भावाने रिपोर्ट लॅमिनेट करून कंपनीच्या टाइम ऑफिसात, हजेरी ठेवतात तिथे, नेला. पर्मनंट करायची यादी निघणार होती. तिथले साहेब कागद पाहून म्हणाले, "नॉर्मल आहे ना? मग उद्यापासून शिफ्टला पाठव." गोळ्यांनी झोप येते म्हणून घरच्यांनी त्या बंद केल्या. आमच्याकडे देवाच्या अंगाऱ्यापेक्षा मशीनच्या कागदावर भरवसा जास्त.

आठ महिन्यांनी एका गुरुवारी त्यांनी सुरेशला आणलं ते हात टॉवेलने बांधून. फोरमनच्या डोक्यात पाना घातला होता. नोकरी गेली होती.

डॉक्टरांनी तो गुळगुळीत रिपोर्ट उलटसुलट करून पाहिला.

"यांना काय सांगितलंत तुम्ही?"

"नॉर्मल आहे, म्हणाले मी."

"कुणी विचारलं होतं तुम्हाला?"

"त्यांनीच, सर."

"सुरुवातीचे महिने फार मोलाचे असतात हो. ते गेले."

मग त्यांनी पुन्हा गोळ्या लिहून दिल्या. या वेळी गुण यायला फार वेळ लागला, आणि पूर्वीचा सुरेश पुरता परत आलाच नाही. शिफ्ट तर लांबच, त्याला एकट्याला गाडीतही बसवता येईना.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी रिपोर्ट पाकिटात घालून चिकटवून द्यायचे. "डॉक्टरांनाच विचारा," एवढंच बोलायचे. लोक मला शिष्ट म्हणायचे. म्हणोत. पण सुरेशला बांधून आणलं त्या दिवशी बाहेर पडताना सुरेशची आई माझ्यापाशी थांबली होती. मला वाटलं, आता शिव्या घालेल. मी तयार होते.

"बाय, परत एक पट्टी काढ ना," ती म्हणाली. "या वेलेला काय तरी निघल."