बिनडागाचं तेल

कचेरीतून आल्यावर दिवसभराचं लिहून ठेवायची माझी सवय. पण सत्तर सालानंतरच्या वह्या उघडल्या की नगरच्या आमच्या प्रयोगशाळेतल्या तेलाच्याच गोष्टी निघतात.

खाद्यतेलात कीटकनाशक उतरलंय का, ते आम्ही बघायचो. तेलाचा अर्क काचपट्टीवर लावून ती उन्हात ठेवायची. औषध असेल तर काळा डाग उमटतो. पण ताडून बघायला एक तरी बिनडागाचं तेल हवं. महिनाभरात ते मिळालं नाही तर हे काम पुण्याला हलवू, असं वरून पत्र आलं. आमच्या साहेबांनी दोन वर्षं खेटे घालून ते काम नगरला आणलेलं.

*

साहेबांनी राहात्याहून सासूबाईंकडचं शेंगतेल आणलं. "घरची शेंग, घरचा घाणा. डोळे मिटून घ्या."

डाग असा आला की डोळे मिटूनही दिसला असता. साहेबांनी काच बाजूला सरकवली.

"वहीत नाव नको," म्हणाले. "नुसतं राहाता लिहा."

*

बाजारातले एक घाणेवाले शेटजी स्वतः बघायला आले. "माझ्या तेलात डाग? आधी काच पुसा."

दुसरी काच घेतली. पुन्हा डाग.

"मग तुमचं ऊन खराब असेल."

*

आमचा शिपाई रंगनाथ देवळातल्या समईचं तेल घेऊन आला. "देवाच्या तेलात कोन औषिद घालतंय?"

डाग आलाच. तो जराही ओशाळला नाही.

"तरीच समईभवती एक किडा फिरकत न्हाई."

*

मुदतीला चार दिवस उरले असताना रंगनाथची मावशी शेवगावकडून त्याला भेटायला आली. सोबत घरच्या करडईच्या तेलाची बाटली. काच स्वच्छ. परत करून बघितली, तरी स्वच्छ. साहेबांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला.

"मावशी, अख्ख्या जिल्ह्यात तुमचंच तेल औषधाविना निघालं बघा."

मावशीने कप खाली ठेवला. "म्हंजी समद्यांना औषिद मिळालं, आन् आमालाच तेवढं न्हाई?"

साहेब समजावू लागले. तिने एकच धरलं, "मला लिहून द्या."

साहेब खुशीत होते. सहीशिक्क्यानिशी लिहून दिलं: कीटकनाशकाचा अंश आढळला नाही.

काम नगरलाच राहिलं. वर्षभरात बाटली तळाला गेली, तसा साहेबांनी निरोप धाडला, यंदा डबाभर तेल आणा.

मावशी आली. डबा टेबलावर ठेवला आणि कमरेच्या पिशवीतून घड्या पडलेला तो कागद काढला.

"लई उपकार झाले, साहेब. पंचायत समितीत ह्यो दाखिवला. लगोलग औषिद दिलं, पंप बी दिला."